मोजणाऱ्याची परीक्षा

मोजणें ही मनुष्याची फार जुनी विद्या आहे. गुराख्यानें संध्याकाळीं गोठ्याच्या दाराशीं उभें राहून गुरें मोजावीं, वाण्यानें गल्ल्यांतलीं नाणीं मोजावीं, यांत कांहीं गूढ आहे असें कोणास वाटत नाहीं. एकामागून एक वस्तु पुढें येते, मोजणारा आंकडा एकानें वाढवितो, आणि शेवटीं जो आंकडा येतो तो सर्वजण मान्य करतात. परंतु या साध्या व्यवहारांत तीन गोष्टी निमूटपणें गृहीत धरलेल्या असतात. आलेली वस्तु मोजणाऱ्याच्या हातून निसटत नाहीं, ही पहिली. जी वस्तु आलीच नाहीं ती त्याला दिसत नाहीं, ही दुसरी. आणि एकच वस्तु तो दोनदां मोजीत नाहीं, ही तिसरी. वस्तु डोळ्यांना दिसणारी व सावकाश चालणारी असेल तोंवर हीं गृहीतें टिकतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं शास्त्रज्ञांनीं परमाणूंतून सुटणारे कण मोजावयास घेतले, आणि तीं तिन्ही एकदम डळमळूं लागलीं. तीं पुन्हां कशीं सांवरलीं गेलीं, याचा इतिहास म्हणजेच आजच्या विद्युत्-गणकाचा इतिहास होय.

१९०८ सालीं मँचेस्टर येथें अर्नेस्ट रदरफर्ड व हान्स गायगर यांनीं रेडियममधून बाहेर पडणारे आल्फा कण एकेक करून मोजण्याचा उद्योग आरंभिला. धातूच्या नळींत मधोमध एक तार ताणलेली, नळी व तार यांमध्यें मोठा विद्युद्दाब, आणि आंत विरळ हवा, अशी ती योजना होती. एक कण आंत शिरला कीं हवेचे रेणु फुटून विद्युद्भारित होत, तो परिणाम दाबामुळें अनेकपट वाढे, आणि बाहेर जोडलेल्या विद्युन्मापकाचा कांटा उसळी घेई. एक उसळी म्हणजे एक कण. मात्र कांटा पुन्हां जागेवर येईपर्यंत दुसरा कण आला तर तो हिशेबांत धरणें अवघड होई. म्हणून मिनिटास थोडेच कण आंत येतील अशी व्यवस्था करावी लागे. एवढ्या मर्यादेंतूनहि त्यांनीं एक ग्रॅम रेडियममधून दर सेकंदास सुमारें ३,४०० कोटि कण सुटतात असा निष्कर्ष काढला. आज जो आंकडा मान्य आहे तो ३,७०० कोटींच्या आसपास आहे. हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या दोघांच्या हाताचें कसब ध्यानांत येतें.

तरी पुढील वीस वर्षें जी पद्धति रूढ राहिली ती विजेची नव्हे, तर डोळ्याची. जस्ताच्या सल्फाइडचा लेप दिलेल्या पडद्यावर कण आदळला कीं क्षणभर एक बारीक ठिणगी चमकते. सूक्ष्मदर्शकांतून ती पाहावयाची व मोजावयाची. त्यासाठीं निरीक्षकास अर्धा तास काळोखांत बसून डोळे तयार करावे लागत. थोडा वेळ मोजलें कीं डोळा थके, म्हणून पाळीपाळीनें काम करावें लागे. गायगर यांची चिकाटी या कामीं विलक्षण होती. रदरफर्ड यांना मात्र तें धीर पाहणारें काम सोसत नसे.

याच पद्धतीनें एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. १९१० सालीं रदरफर्ड व गायगर यांनीं साडेसात-साडेसात सेकंदांच्या २,६०८ खेपांत किती ठिणग्या पडतात याची नोंद प्रसिद्ध केली. सरासरी एका खेपेस ३·८७ ठिणग्या पडल्या. परंतु ५७ खेपांत एकहि ठिणगी पडली नाहीं, तर थोड्या खेपांत दहाहून अधिक पडल्या. हॅरी बेटमन या गणितज्ञानें दाखवून दिलें कीं, कण जर एकमेकांची पर्वा न करतां केवळ योगायोगानें सुटत असतील तर नेमका असाच पसारा दिसला पाहिजे. या शोधाचा एक व्यावहारिक अर्थ होता. कण शिस्तीनें रांग लावून येत नाहींत. ते घोळक्यानें येतात आणि मध्यें दीर्घकाळ येतच नाहींत. म्हणून जें यंत्र सरासरी वेगास पुरें पडतें तें घोळक्याच्या वेळीं हटकून चुकतें.

डोळ्याच्या मोजणींत याहून मोठा धोका दडलेला होता, आणि तो व्हिएन्ना येथें प्रकट झाला. हलक्या मूलद्रव्यांवर आल्फा कण आदळले असतां त्यांचा परमाणुगर्भ फुटतो काय, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत रदरफर्ड व जेम्स चॅडविक यांना कांहीं मूलद्रव्यें फुटतात व कांहीं फुटत नाहींत असें आढळलें. व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेंत हान्स पेटरसन व गेरहार्ट किर्श यांना मात्र याहून कितीतरी अधिक मूलद्रव्यांतून ठिणग्या मिळत होत्या. दोन्ही ठिकाणचे लोक प्रामाणिक, दोन्ही ठिकाणीं श्रम भरपूर, आणि आंकडे परस्परविरोधी. कित्येक वर्षें हा वाद चालला. अखेर १९२७ च्या डिसेंबरांत चॅडविक स्वतः व्हिएन्नास गेले. तेथें प्रत्यक्ष ठिणग्या मोजण्याचें काम तरुण स्त्रिया करीत. चॅडविक यांनीं यंत्र बदललें नाहीं कीं माणसें बदललीं नाहींत. त्यांनीं एकच गोष्ट बदलली. समोर कोणता पदार्थ ठेवला आहे, आणि आतां ठिणग्या दिसावयास पाहिजेत कीं नाहीं, हें मोजणाऱ्यांना कळूं दिलें नाहीं. त्याबरोबर व्हिएन्नाचे आंकडे केंब्रिजच्या आंकड्यांशीं जुळले.

त्या स्त्रियांनीं लबाडी केली नव्हती. थकलेला डोळा, अत्यंत मंद प्रकाश, आणि आतां कांहींतरी दिसणार ही मनांतली अपेक्षा, यांच्या संगमांतून नसलेल्या ठिणग्या जन्म घेत होत्या. दोष त्यांच्या नजरेचा नव्हता, तर ज्या व्यवस्थेनें त्यांना उत्तर आधींच सांगून ठेवलें होतें तिचा होता. हें प्रकरण गाजावाजा न होतां मिटलें. परंतु डोळ्याच्या मोजणीवरचा विश्वास पूर्वीसारखा राहिला नाहीं, आणि अपेक्षा नसलेला, न थकणारा मोजणारा हवा ही निकड सर्वांस जाणवली.

तसा मोजणारा तयार करण्याचीं साधनें हाताशीं होतीं. गायगर व वाल्टर म्युलर यांनीं १९२८ सालीं आपली सुधारलेली गणक-नळी पुढें आणली होती. रेडियोच्या प्रसारामुळें व्हाल्व्ह चांगले मिळूं लागले होते. अडचण शेवटच्या पायरीवर होती. आलेला ठोका आंकड्यांत उतरविण्यासाठीं जें यांत्रिक मोजमाप वापरीत, त्यांत लोहचुंबकानें एक दांता पुढें ढकलावयाचा असे. लोखंड जड, विजेच्या मानानें तें फारच मंद. घोळक्यानें आलेले ठोके त्याच्या हातून निसटत.

ही गांठ सोडविली ती चार्ल्स एरिल विन्-विल्यम्स या वेल्श तरुणानें. १९३२ सालीं कॅव्हेंडिशमध्यें त्यांनीं ‘दोनांच्या मानाचा’ गणक बांधला. थायरेट्रॉन नांवाच्या वायूनें भरलेल्या नळ्यांची त्यांनीं जोडी केली. एक पेटलेली असली कीं दुसरी विझलेली. ठोका आला कीं पेटलेली विझावी व विझलेली पेटावी. दोन ठोक्यांनंतर जोडी मूळ स्थितीस येते, आणि त्या वेळीं ती पुढील जोडीस एक ठोका देते. अशा तीन जोड्या एकापुढें एक लावल्या म्हणजे आठ ठोक्यांना एकच ठोका लोखंडी मापापर्यंत पोंचतो. मधले उरलेले ठोके कोणती नळी पेटलेली आहे यावरून वाचतां येतात, म्हणून कांहींच हरवत नाहीं. शिवाय दर टप्प्यास घोळके विरळ होत जातात व ठोक्यांमधलें अंतर अधिकाधिक समान होतें. एकमेकांस धरून ठेवणाऱ्या दोन व्हाल्व्हांची कल्पना अगदींच नवी नव्हती. विल्यम एकल्स व फ्रँक जॉर्डन यांनीं तिचें पेटंट १९१८ सालींच मागितलें होतें. मोजणीच्या कामास तिची जात किती उपयोगी आहे हें मात्र आतां सिद्ध झालें.

निसटणाऱ्या ठोक्यांचा बंदोबस्त असा झाला. उरला तो नसलेल्या व दुबार ठोक्यांचा. गायगर-म्युलर नळींत एका कणामुळें विद्युत्स्राव झाला कीं मागाहून जड आयन नळीच्या भिंतीवर आदळत, त्यांतून नवे इलेक्ट्रॉन सुटत, आणि पाहुणा एकच असतां दार दोनदां वाजे. १९३७ सालीं ट्रोस्ट या जर्मन संशोधकानें नळींत अल्कोहोलची वाफ मिसळून हा दुसरा स्राव आंतल्या आंत शमविण्याचा मार्ग दाखविला. एक ठोका मिळाल्यावर नळी अल्पकाळ आंधळी राहते, हें त्यांत पत्करलें होतें. एवढ्या अवधींत खरा कण आला तरी तो सुटणार. पण तो अवधि ठाऊक असल्यामुळें सुटलेल्यांचा अंदाज गणितानें बांधतां येतो. ठाऊक असलेलें आंधळेपण हें बेभरंवशाच्या दृष्टीपेक्षां बरें, हा धडा पुढें सर्वत्र उपयोगीं पडला.

तिसरा उपद्रव उंबरठ्याचा. ठोका अमुक उंचीचा असेल तरच मोजावा असा नियम केला, तरी ठोका हळूहळू चढत असेल व त्यावर बारीक लहरी असतील, तर तो उंबरठा एकदां न ओलांडतां पुढेंमागें चार वेळां ओलांडतो. यावरचा तोडगा एका निराळ्याच क्षेत्रांतून आला. अमेरिकेंत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत ऑटो श्मिट हा तरुण मज्जातंतूंतील संवेदना कशा वाहतात याचा अभ्यास करीत होता. त्याचें अनुकरण करतां करतां त्यानें जें मंडल बनविलें व १९३८ सालीं प्रसिद्ध केलें, तें आज श्मिट ट्रिगर म्हणून ओळखलें जातें. त्याला दोन उंबरठे असतात: चढतांना वरचा, उतरतांना खालचा. मधल्या पट्ट्यांत कितीहि थरथर झाली तरी तें आपला निर्णय बदलीत नाहीं.

आणि ज्या ठिकाणीं एकहि खोटा ठोका चालत नाहीं, तेथें न्यायालयाची रीत वापरण्यांत आली: साक्षीदार दोन पाहिजेत. वाल्टर बोटे व गायगर यांनीं १९२५ सालीं दोन गणकांचे ठोके एकाच क्षणीं येतात काय हें पाहिलें. ब्रूनो रॉसी यांनीं १९३० सालीं त्यासाठीं व्हाल्व्हचें सुटसुटीत मंडल दिलें. या तत्त्वाचा एक संस्मरणीय उपयोग भारतांत झाला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानचें ओसाका शहर विद्यापीठ व इंग्लंडचें डरहॅम विद्यापीठ यांनीं मिळून कोलारच्या सोन्याच्या खाणींत, जमिनीखालीं सुमारें २·३ किलोमीटरांवर, आपलीं यंत्रें मांडलीं. समोरासमोरच्या दोन उभ्या भिंतींनीं एकाच वेळीं साक्ष दिली तरच घटना नोंदवावयाची असे. एवढ्या खोलीवर आठवडेच्या आठवडे शांततेंत जात. अशा ठिकाणीं एखादा सैल सांधा कडकडला आणि आंकडा वाढला, तर तो एकच खोटा ठोका साऱ्या श्रमांवर पाणी फिरवूं शकला असता. १९६५ सालीं तेथें वातावरणांत जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्या, आणि त्या जगानें मानल्या, याचें एक कारण त्या यंत्रांची शांत राहण्याची शक्ति हें होतें.

मोजणी केव्हां वाचावी हाहि एक स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर युद्धकाळांत मिळालें. इंग्लंडांत ब्लेच्ली पार्क येथें जर्मन सेनापतींचे सांकेतिक संदेश उकलण्यासाठीं १९४३ सालीं जें यंत्र उभें राहिलें, त्याचे विद्युत्-गणक विन्-विल्यम्स यांचेच होते. त्या यंत्रांत कागदाच्या दोन पट्ट्या बरोबरीनें धांवाव्या लागत. त्या ताणत, फाटत, व त्यांचा मेळ चुके. टपालखात्याचे अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनीं एक पट्टी काढून टाकून तिचें काम व्हाल्व्हांवर सोंपविलें. उरलेल्या पट्टीच्या मधोमध जीं दांत्यांचीं छिद्रें होतीं, त्यांचाच ठोका त्यांनीं घड्याळासारखा वापरला. पट्टी हळू धांवो वा जलद, छिद्र आलें कीं वाचा. एरवीं पाहूं नका. ‘कोलॉसस’ नांवाचें हें यंत्र १९४४ च्या फेब्रुवारींत कामास लागलें व दर सेकंदास ५,००० अक्षरें वाचूं लागलें. हजाराहून अधिक व्हाल्व्ह भरंवशानें चालणार नाहींत असें अनेकांचें मत होतें. व्हाल्व्ह बहुधा चालूबंद करतांनाच जातो, हें फ्लॉवर्स यांना टेलिफोनच्या कामावरून ठाऊक होतें. म्हणून यंत्र सतत चालू ठेवण्यांत आलें. १९७० नंतरच्या दशकापर्यंत ही हकीकत गुप्तच राहिली.

याच दशकाच्या सुमारास ही सारी विद्या घरगुती छंदिष्टाच्या मेजावर येऊन पोंचली. ज्या कामास विन्-विल्यम्स यांना नळ्यांचें कपाट लागलें, तें बोटाच्या पेराएवढ्या काळ्या चिपेंत मावूं लागलें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ७४९० क्रमांकाची दशक-गणक चिप आणावी, एक बटण जोडावें, आणि दर दाबास आंकडा एकानें वाढतो कीं काय तें पाहावें, हा अनेक मुलांचा पहिला प्रयोग ठरला. आणि पहिला अनुभव बहुधा निराशेचा. बटण एकदां दाबलें कीं आंकडा तिनानें वा पांचानें वाढे. कधीं तो नऊवरच चिकटून बसे. कधीं शेजारीं पंखा चालू केला तरी तो पुढें जाई. मुलगा चिप बदली, पुन्हां बदली, आणि दोष तसाच राही.

ज्यानें वरील इतिहास ऐकला आहे त्याला यांतील प्रत्येक दोष ओळखीचा वाटेल. बटणाच्या आंतील धातूच्या पट्ट्या एकमेकांवर आदळून कांहीं सहस्रांश सेकंद उसळत राहतात; ही गायगर-नळींतील दुबार ठोक्याचीच दुसरी आवृत्ति. उपायहि तोच: पहिल्या ठोक्यानंतर गणकास क्षणभर आंधळें करावयाचें. रोधक व संधारक यांनीं ठोका सावकाश चढवावा, आणि तो श्मिट ट्रिगरमधून न्यावा. किंवा दोन बाजूंचें बटण घेऊन दोन नँड द्वारें एकमेकांस धरून ठेवतील अशीं जोडावीं. म्हणजे एकल्स व जॉर्डन यांची जोडीच पुन्हां कामास येते. नऊवर चिकटण्याचें कारण याहून साधें आहे. ७४९० ला शून्यावर आणणारीं दोन व नऊवर नेणारीं दोन टोंकें असतात. तीं मोकळीं सोडलीं तर त्या जातीची चिप मोकळ्या टोंकास ‘हो’ समजते, आणि चारहि मोकळीं असतां नऊची आज्ञा वरचढ ठरते. पंख्याच्या ठिणगीनें पुढें जाणारा गणक विजेच्या पुरवठ्यांतील झटका मोजीत असतो. चिपेच्या पुरवठ्याच्या दोन टोंकांपाशींच ०·१ मायक्रोफॅरडचा संधारक लावला कीं बहुधा तो शांत होतो.

एक दोष मात्र फसवा आहे. टप्प्याटप्प्यानें ठोका पुढें देणारा गणक सातावरून आठावर जातांना क्षणमात्र सहा, चार व शून्य या आंकड्यांतून जातो, कारण सर्व जोड्या एकदम बदलत नाहींत. शेवटचा आंकडा बरोबर असतो. पण शून्य आलें कीं घंटी वाजव अशी आज्ञा दिली असेल तर घंटी भलत्याच वेळीं वाजते. फ्लॉवर्स यांच्या छिद्रांची आठवण येथें ठेवावी: स्थिर झाल्यावर वाचावें, किंवा सर्व जोड्या एकाच घड्याळाच्या ठोक्यावर बदलणारा गणक घ्यावा.

इतकें केल्यावर तरी गणक संपूर्ण निर्दोष होतो काय? १९७३ सालीं त्याच सेंट लुईच्या विद्यापीठांतील टॉमस चेनी व चार्ल्स मोल्नार यांनीं याचें उत्तर दिलें. बाहेरचा ठोका आणि घड्याळाचा ठोका जवळजवळ एकाच क्षणीं आले, तर ती जोडी हो व नाहीं यांच्या मधोमध अडखळून राहूं शकते, शिखरावर टेकलेल्या गोटीप्रमाणें. ती केव्हां तरी एका बाजूस घरंगळते. पण किती वेळांत, याची हमी कोणतेंहि मंडल देऊं शकत नाहीं. थोडें अधिक थांबून धोका अत्यल्प करतां येतो, शून्य करतां येत नाहीं.

म्हणून गणक चुकूं लागला असतां करावयाची पहिली गोष्ट चिप बदलणें ही नव्हे. ज्याची संख्या आपणांस आधींच ठाऊक आहे असें कांहीं तरी त्याला मोजावयास द्यावें: संथ, स्वच्छ, नेमके शंभर ठोके. ते शंभर भरले तर दोष गणकांत नाहीं, त्याच्या दारांत आहे. कमी भरले तर तो निसटवितो आहे. अधिक भरले तर नसलेलें पाहतो आहे किंवा असलेलें दोनदां पाहतो आहे. मग एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व पुन्हां शंभर मोजावे. आणि कांहींच न देतां रात्रभर त्याला तसाच चालू ठेवून सकाळीं आंकडा पाहावा. व्हिएन्नाच्या अंधाऱ्या खोलींत चॅडविक यांनीं याहून फार निराळें कांहीं केलें नव्हतें. तेथें पणास लागली होती ती परमाणुगर्भाविषयींच्या ज्ञानाची खरेपणाची बाजू. येथें मेजावर एका मुलाची संध्याकाळ. मोजणारा माणूस असो, नळी असो वा चिप असो, त्यानें सांगितलेला आंकडा मानण्यापूर्वीं त्याची परीक्षा घेतलीच पाहिजे, आणि ती घेतांना आपल्याला कोणतें उत्तर हवें आहे हें त्याला कळूं देतां कामा नये.